हिरवा वाढवा

विनीता कधी 'फुटलं' किंवा 'मोडलं' म्हणायची नाही. तिच्या आईने लावलेली सवय. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. कऱ्हाडहून लग्न होऊन ती पुण्याला आली, पुण्याहून आम्ही ऑस्ट्रेलियात टूवूंबाला आलो, तरी सवय गेली नाही. स्वयंपाकघरात काही खळ्‌कन पडलं की आतून आवाज यायचा, "अहो, कप वाढला." मी झाडू घेऊन जायचो.

हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते या एका शब्दावरून झालं.

मी डिझेल मेकॅनिक. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, बोअरचे पंप, यातच माझा जन्म गेला. विनीताचं काम बारीक. इथल्या हॉस्पिटलात ती मशिनं दुरुस्त करायची, आणि त्याआधी, लग्नाच्याही आधी, पुण्यात खडकीकडच्या एका कारखान्यात सैन्यासाठी वायरलेस सेट जोडायची. वायरी बांधायचं काम. एका सेटमध्ये खूप वायरी असतात. त्या लोंबकळू नयेत म्हणून मेणाच्या दोऱ्याने त्यांच्या जुड्या बांधतात, ठरावीक अंतरावर एक गाठ. तिच्या गाठी बघायला सुपरवायझर नव्या मुलींना तिच्या टेबलापाशी उभं करायचा, हे तिने मला एकदाच सांगितलं. तिच्या बहिणीने दहादा सांगितलं.

इथे शेत विकलं की घरातल्या, गोठ्यातल्या सगळ्या वस्तूंचा शेतावरच लिलाव होतो. क्लिअरिंग सेल म्हणतात. मी जुन्या पान्यांसाठी जायचो. विनीता सॉसेज सँडविचसाठी येते असं म्हणायची, आणि सॉसेज मला देऊन नुसता कांदा-पाव खायची. डॅल्बी गावाच्या पुढे अशाच एका सेलला, लोकर कापायच्या शेडमध्ये, पोत्यांखाली एक लोखंडी पेटी होती. विनीताने झाकण उचललं, आत बघितलं आणि गप्पच झाली. मला वाटलं आत साप आहे.

दुसऱ्या महायुद्धातला वायरलेस सेट होता. इथेच, ऑस्ट्रेलियात बनलेला. बाहेरचा हिरवा रंग मातकट झाला होता, पण आत जवळजवळ धूळ नव्हती. युद्ध संपल्यावर कुणीतरी आणून ठेवला आणि मग कुणी हात लावला नाही. आत प्रत्येक सोल्डरवर लाल लाखेचा ठिपका होता, मोहरीएवढा.

"तपासणाऱ्या बाईने लावलाय," विनीता म्हणाली. "आमच्याकडेही असंच. जोड बघायचा, पटला की ठिपका."

"बाईच कशावरून?"

"लढाई चालू असताना पुरुष कुठे होते कारखान्यात? आणि या गाठी बघा. तुमच्याच्याने होईल का असं?"

मी बघितलं. जुडीला जुडी चिकटलेली, गाठीमागे गाठ, सगळ्या एका रेषेत. मला रेडिओतलं काही कळत नाही, पण चांगलं काम कळतं. कुण्या बाईने हे केलं, तिला हा सेट कुठे जाणार हे माहीत नव्हतं, आणि आत कुणी बघणार नव्हतं. तरी तिने एक गाठ वाकडी मारली नाही.

"ही माझ्याच हातची वाटते," विनीता म्हणाली. असं ती कधी कुणाच्या कामाबद्दल म्हणाली नव्हती.

दुसरा सेट पुढच्या वर्षी मिळाला. तसाच, त्याच कारखान्यातला, पण ओढ्याच्या पुरात बुडून निघालेला. पेटी नुसती गंजलेली, आतल्या जुड्या कुजून लगदा झालेल्या. विनीता जायची त्या रेडिओ क्लबचा नेव्ह तो बघून म्हणाला, "विन, हा भंगारात दे." नेव्ह म्हणजे नेव्हिल. रेल्वेतून निवृत्त झालेला, क्लबचा सेक्रेटरी. आमच्या घरी पोहे खायला येतो आणि त्यावर टोमॅटो सॉस घालतो. त्याने विनीताची विन केली आणि माझी, चंद्रहासची, चास केली.

विनीताने भंगारात दिला नाही. ती शेडमध्ये दोन्ही सेट शेजारी ठेवायची, चांगल्याचं झाकण उघडायची, एक जुडी बघायची, आणि गंजक्यात तशी बांधायची. पहिल्याला ती कधी हात लावत नसे. मागे हात बांधून वाकून बघायची, देवळात बघतात तशी. कामावरून आल्यावर रोज थोडं थोडं, काही वर्षं हे चाललं. व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्या, तिने कुठून कुठून मिळवले. गंजकी पेटी घासून पुसून नवा रंग दिला. रंगाचा डबा मीच हलवून दिला होता.

पण नावं पडायची ती पडली होती. क्लबमध्ये सगळे पहिल्याला 'हिरवा' म्हणत आणि दुसऱ्याला 'गंजका'. मीही. विनीता नावं घेत नसे. ती 'हा' आणि 'तो' म्हणायची आणि बोट दाखवायची.

गंजका सगळा झाला, फक्त एक गोष्ट राहिली. त्याचा मोठा ट्रान्सफॉर्मर, सगळ्या सेटला वीज देतो तो, पुराच्या पाण्याने आतून कुजला होता. तसा दुसरा मिळेना. नवा बनवलेला आत मावेना. नेव्ह म्हणाला, बाहेर ठेव आणि वायर जोड. विनीता म्हणाली, "मग तो रेडिओ कसला, सलाइन लावलेला पेशंट." असा ट्रान्सफॉर्मर आम्हाला माहीत असलेला एकच होता. हिरव्यात.

हिरव्याचा काढला असता तर गंजका बोलला असता. पण तो काढायचा म्हणजे त्या बाईच्या गाठी कापायच्या, लाल ठिपके वितळवायचे. आणि न कापता हिरवाच चालू करावा म्हटलं तर तेही नाही. इतक्या वर्षांनी वीज दिली की आतले जुने भाग जळणार, म्हणजे आधी ते कापून नवे घालायचे. कसंही करा, हिरवा शाबूत राहायचा तर मुका राहणार.

विनीताला विचारलं की म्हणायची, "बघू."

आणखी एक सवय सांगायची राहिली. काही सुटं करून त्याचे भाग काढायचे असले, जुना टीव्ही असो नाहीतर मिक्सर, ती आधी त्याला आतून कुंकवाचं बोट लावायची, वर दोन अक्षता. "वाढवते रे बाबा तुला," म्हणायची आणि स्क्रू ड्रायव्हर उचलायची. कुंकवाची छोटी डबी शेडमध्ये सोल्डरच्या रिळाशेजारीच असे. नेव्हने एकदा विचारलं, हे काय? ती म्हणाली, "सॉरी म्हणते त्याला."

ती गेल्या ऑगस्टमध्ये गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

आमची मुलगी स्पृहा सिडनीत, टूनगॅबीला असते. शेवटचे दिवस ती आईजवळ होती. सगळं उरकल्यावर तिने नेव्हला आणि मला इंग्रजीत सांगितलं होतं की आईची इच्छा आहे, हिरवा सेट राहावा, पुढे जावा. नेव्हने लगेच जिल्ह्याच्या संग्रहालयात कळवलं. त्यांना हवाच होता, पण अट एकच, आतलं काही काढलेलं नको. ईस्टरनंतर त्यांची गाडी येणार होती.

मी हो म्हटलं. पण रोज सकाळी चहा घेऊन शेडमध्ये बसायचो तेव्हा माझं लक्ष गंजक्याकडे असायचं. तिचे हात त्याच्यावर होते. तिने बांधलेली प्रत्येक जुडी आत होती, आणि एका तुकड्यासाठी तो बोलत नव्हता. तो एकदा बोलावा एवढंच मला हवं होतं. काय बोलेल याचा विचार केला नव्हता. हवामान सांगितलं असतं तरी चाललं असतं.

ईस्टरला स्पृहा आली. शुक्रवारी दुपारी तिने आमटी-भात केला होता. आमटीत गूळ जास्त झाला होता.

"बाबा, वाढू अजून?"

"वाढ."

तिने डाव हातात धरून ठेवला आणि म्हणाली, "फनी ना? आईचा लास्ट वर्ड पण ऑलमोस्ट हाच होता."

"कुठला?"

"वाढवा. मी सांगितलं होतं की. तुम्ही कार मूव्ह करायला गेला होतात. ती म्हणाली, 'त्यांना सांग, हिरवा वाढवा म्हणावं.' मग ती झोपली. लाइक, ग्रो इट. कीप इट गोइंग. मी नेव्हला तेच सांगितलं."

मी जेवण थांबवलं. "कसं म्हणाली? परत सांग."

"हिरवा वाढवा."

"स्पृहा, वाढवा म्हणजे काय?"

"मोअर करा. मोठं करा. ऑब्व्हियसली."

"नारळ वाढवतात तेव्हा तो मोठा होतो का?"

तिने डाव पातेल्यात ठेवला. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला कळलं.

"बाबा, नो. ते फक्त नारळाला."

"तुझ्या आईने कप वाढवले, बशा वाढवल्या. तू पाचवीत होतीस तेव्हा टीव्ही वाढवला. कुंकू लावून."

"मग तुमचं म्हणणं काय, की तिने तो ब्रेक करायला सांगितला? तो? तिला त्याला टचसुद्धा करवत नव्हतं!"

"शेवटी पटलं असेल तिला. तिचा सेट बोलावा असं तिला वाटणार नाही का? त्याच्यासाठी हिरवा वाढवा."

"तुम्हाला वाटतंय तसं."

"तुलाही तुझं वाटलं तसंच ऐकलंस ना तू?"

ती उठून सिंकपाशी गेली आणि नळ सोडला. भांडी दोनच होती, तरी बराच वेळ नळ चालू होता. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, आनंदही झाला होता. विनीताच्या तोंडचा शब्द मला मिळाला होता, आणि तो माझ्या बाजूचा होता.

मी नेव्हला फोन केला. तो दुपारीच आला. त्याला मी सगळं समजावलं. एकाच शब्दाचे हे अर्थ कसे, हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"म्हणजे तुमच्याकडे मोडणे आणि वाढणे एकच?"

"मोडणे म्हणायचं नाही म्हणून वाढणे म्हणायचं."

"आणि जेवायला घालणे पण तेच?"

"ते वाढणे. हे वाढवणे."

"तुमच्या लोकांना डिक्शनरी परवडत नाही का, मेट?" मग तो गंभीर झाला. टोपी काढून त्याने हिरव्याकडे बघितलं. "मला आवडणार नाही, चास. असा दुसरा मी बघितलेला नाही. पण विन म्हणाली असेल तर विन म्हणाली. ट्रान्सफॉर्मर काढायच्या आधी तो त्या पेटीत नीट बसतो का ते बघू. उगाच एकाचे दोन मुडदे नकोत."

गंजका आम्ही पेटीतून बाहेर ओढला. जड असतो, दोघं लागतात. स्पृहा दारात हाताची घडी घालून उभी होती. मी सेट फिरवून मागची बाजू उजेडाकडे केली. ट्रान्सफॉर्मरची जागा रिकामी होती, चार भोकं आणि मागे पत्रा. बाकी सगळं भरलेलं, बांधलेलं. नेव्ह चष्मा लावून वाकला.

"तिचं काम बघ," तो म्हणाला. "माझ्या सगळ्या आयुष्यात..." मग त्याने बोट पुढे केलं. "इथे थोडा गंज राहिलाय. तिच्या नजरेतून कसा सुटला कोण जाणे. सँडपेपर दे जरा."

रिकाम्या जागेच्या मागच्या पत्र्यावर एक तांबडा डाग होता. नेव्हचा अंगठा त्याच्यावर टेकणार एवढ्यात स्पृहा किंचाळली, "डोन्ट टच इट!"

नेव्हने हात मागे घेतला. आम्ही तिघं वाकलो. बोटाएवढा ठिपका. त्याला चिकटलेला तांदळाचा एक दाणा, तुटका. दुसरा खाली पडला होता, भोकाच्या कडेला.

मी हिरव्याकडे गेलो. त्याचं झाकण उघडलं आणि टॉर्च घेऊन आत सगळीकडे बघितलं. लाल लाखेचे ठिपके होते, त्या बाईने लावलेले. कुंकू कुठेच नव्हतं.

हॉस्पिटलात शेवटचं जायच्या आधी विनीता म्हणाली होती, "मला जरा शेडमध्ये खुर्ची द्या आणि चहा करून आणा." चहा करायला मला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं.

"बाबा," स्पृहा म्हणाली, "हिरवा कुठला आहे?"

मी हिरव्याकडे बोट केलं. मातकट, धुळीच्या रंगाचा. मग मी गंजक्याची रिकामी पेटी बघितली. ती टेबलावर उन्हात होती. विनीताने घासून, पुसून, दोन हात रंग दिलेली. कडूनिंबाच्या पाल्यासारखी हिरवी. शेडमध्ये हिरवी वस्तू ती एकच होती. आम्ही सगळे नावाने बोलत राहिलो. ती डोळ्यांनी बघत होती.

नेव्हला मी सांगितलं. तिने स्वतःचाच सेट वाढवायला सांगितला होता. ज्याच्यापाशी ती इतकी वर्षं बसली तो. त्या दुसऱ्या बाईचा शाबूत ठेवायला.

नेव्ह स्टुलावर बसला. "व्हॉल्व्ह," तो म्हणाला. "ट्यूनिंगची कॉइल. मीटर. चास, माझ्या सेटला हेच नाहीये. डॅल्बीला आपल्या क्लबातली ती म्हातारी जून आहे ना, तिच्या सेटला बाकीचं नाहीये. तिला माहीत होतं. मी दर महिन्याला तिच्यापुढे हेच रडायचो."

"म्हणजे तिने वाटून टाकला," स्पृहा म्हणाली.

मी म्हणालो, "मी नाही करणार."

मी रंगवलेल्या पेटीवर हात ठेवला. मी म्हणालो, "संग्रहालयाला हिरवा द्या. खरा हिरवा. म्हणजे खोटा. काय ते. पण हा माझ्याकडे राहील, असाच. तिच्या हातचं दुसरं काय आहे माझ्याकडे? बोलेना का. मी तरी कुठे बोलतोय कुणाशी."

नेव्हने माझ्या खांद्यावर हात ठेवला, टोपी घातली आणि गेला. तो समजूतदार माणूस आहे. सॉस सोडला तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी शेडमध्ये गेलो तर स्पृहा आधीच तिथे होती. आईच्या स्टुलावर बसून ती हिरव्यात बघत होती, मग गंजक्यात. हात मागे बांधलेले. कुणी शिकवलं नव्हतं.

"बाबा, इकडे या. हे सेम नाहीये."

"काय?"

"नॉट्स. त्यातल्या बघा. त्या बाईच्या. त्या कट केल्याशिवाय सुटणार नाहीत."

"निरगाठी आहेत. कारखान्यात तशाच मारतात. धक्क्याने सुटू नयेत म्हणून."

"आणि आईच्या?"

मी चष्मा आणला. वरून बघितलं तर सारख्याच. तेच अंतर, तीच रेषा. पण प्रत्येक गाठीतून दोऱ्याचं एक बारीक शेपूट निघून जुडीखाली दडवलेलं होतं.

"शी टॉट मी दिस," स्पृहा म्हणाली. "शूज बांधायला. काय म्हणायची ती?"

"सुरगाठ."

"ओढू?"

मी हो म्हणालो की नाही ते आठवत नाही. तिने दोन बोटांत शेपूट धरलं आणि ओढलं. गाठ सुटली. आवाजसुद्धा नाही. पुढची ओढली, तीही सुटली. वायरी हलक्या सैल झाल्या, अजून एकमेकींना धरून, पण मोकळ्या.

मी सगळ्या गाठी बघितल्या. एकही निरगाठ नव्हती. म्हणजे हे शेवटच्या आजारात ठरलेलं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही हे कळल्यावर कधीतरी तिने एकेक जुडी परत बांधली असणार, किंवा कुणास ठाऊक, पहिल्यापासूनच तशी बांधली असेल. तिने कधी सांगितलं नाही. दुसऱ्या बाईच्या कामावर तिला कात्री चालवायची नव्हती, आणि स्वतःच्या कामावर आम्हाला चालवायला लावायची नव्हती. म्हणून बांधतानाच तिने सोडायची सोय करून ठेवली.

मी आयुष्यभर इंजिनं उघडली आहेत. जो पहिल्यांदा बसवतो तो पुढच्या उघडणाऱ्याचा विचार क्वचित करतो. कुणी जीव खाऊन बोल्ट आवळतो, कुणी वरून वेल्डिंग मारतो. मी शिव्या घालत उघडतो. असं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. तीस-पस्तीस वर्षं मी तिच्या शेजारी झोपलो, आणि ती किती मोठी कारागीर होती हे मला तिच्या सुटणाऱ्या गाठीने सांगितलं.

"बाबा, रडताय?"

"चहा गरम आहे."

मग आम्ही तो वाढवला. दोघांनी मिळून. कुंकू तिने आधीच लावलेलं होतं, त्यामुळे आम्ही काही म्हटलं नाही. स्पृहा गाठी सोडायची, मी स्क्रू काढायचो. सोल्डर काढायला नेव्हला बोलावलं. तो आला, हात धुतले आणि बसला. मेणाचा दोरा स्पृहाने गुंडाळून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. दुपारपर्यंत पेटी रिकामी झाली, आणि काढलेले भाग नेव्हने स्वतःसाठी आणि जूनसाठी नेले. मी ती पुसून शेडमध्ये खिडकीशी ठेवली.

संग्रहालयाची गाडी मंगळवारी आली. दोन माणसं होती, पांढरे हातमोजे घातलेली. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं आणि विनीतासारखेच गप्प झाले. मी म्हणालो, "साप नाहीये." त्यांना कळलं नाही. जाताना एकाने विचारलं, माहितीच्या पाटीवर काय लिहू? मी म्हणालो, "लिहा, कारखान्यातल्या बाईने बांधला." त्याने विचारलं, नाव? मी म्हणालो, "ते तुम्ही शोधा. नाही सापडलं तर नुसतं बाई लिहा." विनीताचं नाव सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण तिने त्या सेटला हात लावला नव्हता. तेच तर तिचं काम होतं.

पंचवीस एप्रिलला, युद्धात गेलेल्यांच्या दिवशी, क्लबचे लोक जुने सेट चालू करून एकमेकांशी बोलतात. सकाळच्या परेडनंतर मी नेव्हच्या घरी गेलो. त्याच्या व्हरांड्यात त्याचा सेट होता, आत विनीताचे व्हॉल्व्ह. स्विच टाकल्यावर ते हळूहळू तांबूस झाले. आधी नुसती खरखर. नेव्हने चाक फिरवलं. मग एका म्हातारीचा आवाज आला, खोलातून आल्यासारखा पण स्वच्छ. डॅल्बीची जून. तिच्या वडिलांचा सेट होता तो, वडील गेल्यापासून बंद पडलेला.

"नेव्हिल, ऐकू येतंय का? माझ्याकडे मीटरची सुई हलतेय! वडील असते तर नाचले असते."

"ऐकू येतंय, जून. शेजारी आहेस असं वाटतंय. इथे विनचा नवरा बसलाय."

"त्याला सांग," ती म्हणाली, आणि मग थांबली. खरखर चालू राहिली. "त्याला सांग, पोहोचतंय."

नेव्हने माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. मला रेडिओवर बोलायचा परवाना नाही, आणि असता तरी उपयोग नव्हता.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. स्पृहा होती.

"बाबा, चालू झालं का? ऐकू येतंय? कुठला बोलतोय?"

"हिरवा," मी म्हणालो.

"चास," नेव्ह ओरडला, "फोन बंद कर, मेट! सेटमध्ये घुरघुर येतेय!"

मी फोन घेऊन अंगणात गेलो आणि व्हरांड्याच्या कठड्यावरून फोनचा हात आत धरला, तिलाही ऐकू जावं म्हणून.